गरवणारं गिऱ्हाईक आणि टॅकलचं दुकान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत गळ, गऱ्या, रॉड-रीलचं दुकान चालवणारे, नव्याने टाकू पाहणारे आणि काउंटरच्या अलीकडे उभे राहून गरवायचं (गळाने मासे पकडायचं) सामान घेणारे, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सूट आणि उधारी यांचीही उत्तरं आहेत, पण थोडक्यात. गिऱ्हाईक टिकतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींनी.

ऑनलाइन सगळं स्वस्त मिळतं. मग माणूस दुकानात येतोच कशाला?

बहुतेकदा शनिवारी संध्याकाळी सात वाजता येतो, कारण रविवारी पहाटेची भरती गाठायची असते आणि डब्यात 2/0 नंबरच्या तीनच गऱ्या उरलेल्या असतात. पार्सल मंगळवारी येणार. भरती काही मंगळवारपर्यंत खोळंबत नाही. रॉड-रीलची खरेदी दोन-तीन वर्षांतून एकदा होते. गऱ्या, शिसं (दोरा तळाशी नेणारं वजन), स्विव्हल (दोऱ्याला पीळ न पडू देणारी फिरती कडी), लीडर (गरीजवळचा मजबूत दोरा) हे मात्र दर खेपेला खडकात जातं. ज्या दुकानात हा खडकात जाणारा माल हमखास मिळतो, तिथेच पुढे मोठी खरेदीही होते. उलटं सहसा होत नाही.

दुसरं म्हणजे रॉड फोटोत कळत नाही. रील चढवून पुढच्या मुठीपाशी एका बोटावर तोलून पाहावी लागते. टोक फार जड वाटलं तर दोन तासांत मनगट भरून येतं. मग दोरा कड्यांतून ओवून दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायचा आणि रॉड हळूहळू वाकवायची. बाक टोकाकडून बुंध्याकडे सलग उतरला पाहिजे. मध्येच कोन पडत असेल, तर ती रॉड पुन्हा स्टँडवर जावी. हे करू देणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो. प्लॅस्टिकचं वेष्टन काढायलाही नाही म्हणणारा तर जास्तच लक्षात राहतो.

कोणता माल कधीच संपता कामा नये?

दिसायला क्षुल्लक असतो तोच.

गऱ्यांमध्ये बोय आणि काळुंदरसाठी 8 आणि 10 नंबर (या माशांचं तोंड लहान असतं), शिंगाळ्यासाठी 1/0 ते 3/0, तांबोशीसाठी 2/0 ते 4/0 आणि जिवंत आमिषावर जिताडा किंवा घोळ मासा गरवणाऱ्यांसाठी 4/0 ते 6/0. यातला एकही आकार शनिवारी संपलेला नसावा. नंबरांचा गोंधळ इथेच होतो. नेहमीच्या मोजणीत 10 पेक्षा 4 नंबरची गरी मोठी, आणि 1/0 पासून पुढे आकडा वाढेल तशी गरी वाढते. चिनू जातीच्या जपानी गऱ्यांत मात्र साधा आकडाही वाढेल तशी गरी मोठी होते. त्यामुळे ‘5 नंबर द्या’ म्हणणाऱ्याला नक्की काय हवंय, हे आकड्यावरून कळत नाही. उपाय सोपा आहे : प्रत्येक खणाच्या झाकणावर आतली एक गरी पारदर्शक टेपने चिकटवून ठेवा. गिऱ्हाईक बोट दाखवतं, वाद मिटतो.

शिसं 20, 30, 60 आणि 90 ग्रॅमचं. तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) 0.30, 0.40 आणि 0.50 मिलिमीटरचा. फ्लुओरोकार्बन लीडर 20, 30 आणि 40 पौंड ताकदीचा, आणि तो मीटरवर कापून देता आला तर उत्तम. 50 मीटरचं अख्खं रीळ घेण्याची ऐपत किंवा गरज प्रत्येकाला नसते. गऱ्याही सुट्ट्या द्या. 25 चं पाकीट फोडायला कुरकुर करणाऱ्या दुकानातून कॉलेजची पोरं एकदा गेली की फिरकत नाहीत, आणि सहा वर्षांनी तीच पोरं नोकरीला लागून चांगलं रील घेतात, दुसरीकडून.

मुंबईच्या दमट हवेत सुट्ट्या गऱ्या गंजतात. उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाचे डबे, प्रत्येकात सिलिका जेलची पुडी, आणि कोळंबी हाताळलेल्या ओल्या बोटांनी गऱ्या मोजणं बंद. एका गरीवर मिठाचं पाणी लागलं की आठवड्याभरात अख्खा खण तांबूस होतो.

शिशाऐवजी जुने स्पार्क प्लग वापरणाऱ्यांना काय सांगायचं?

वापरू द्या. गॅरेजमधून फुकट मिळतात आणि खडकात गेले तर जीव हळहळत नाही. त्यांना एक गोष्ट मात्र दाखवून द्या : वजन मुख्य दोऱ्याला थेट न बांधता त्याहून कमी ताकदीच्या तंगुसाच्या वीतभर तुकड्याने बांधायचं. मुख्य दोरा 20 पौंडांचा असेल तर हा तुकडा 8 पौंडांचा. टेट्रापॉडमध्ये (किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांत) वजन अडकलं की तेवढंच तुटतं. गरी आणि कधी कधी लागलेला मासाही हाती येतो. यात दुकानाचं शिसं कमी खपेल, हे खरं. तो तंगूस घ्यायला माणूस तुमच्याकडेच येईल, हेही तितकंच खरं.

रीलवर दोरा भरून देण्याचे पैसे घ्यावेत का?

दोरा तुमच्याकडचा असेल तर घेऊ नयेत. बाहेरून आणलेला असेल तर थोडे घ्यावेत, पण काम नाकारू नये. काउंटरवर होणारं हे पहिलं प्रत्यक्ष काम, आणि इथेच दुकानदाराचा हात ओळखू येतो.

ब्रेडेड दोरा (बारीक तंतू विणून केलेला) रीलच्या गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चाकावर, थेट बांधला तर मासा ओढायला लागताच अख्खा दोरा स्पूलभोवती घसरतो. गिऱ्हाइकाला वाटतं ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला. म्हणून खाली आधी साध्या तंगुसाचे थर द्यायचे आणि त्याला ब्रेडेड जोडायचा. तंगूस किती लागेल ते रीलगणिक बदलतं. अंदाज नसेल तर उलटं करा : रिकाम्या स्पूलवर आधी ब्रेडेड, वर कड्यापर्यंत तंगूस, मग सगळं दुसऱ्या दोन स्पूलांवरून फिरवून उलटवून घ्या. वेळ जातो, पण माप अचूक बसतं. किनाऱ्यावरून गरवायला 150 मीटर ब्रेडेड पुरतो, जाडी पी.ई. (ब्रेडेडच्या जाडीचं जपानी माप) 1.5 ते 2, म्हणजे साधारण 0.20 ते 0.235 मिलिमीटर. अख्खं 300 मीटरचं रीळ गळ्यात मारायचं कारण नाही. त्यातून दोघांची रीलं भरतात.

भरताना दोरा ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणत घ्यायचा. सैल भरला की पहिल्याच जोरदार ओढीला वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि पुढच्या फेकीला दोरा तटकन तुटून ल्यूर (नकली आमिष) एकटाच समुद्रात जातो. साधा तंगूस भरताना वेगळी काळजी : रीळ जमिनीवर आडवं ठेवून दहा-बारा वेढे घ्या, मग दोरा सैल सोडा. पीळ पडून गुंडाळ्या झाल्या तर रीळ पालथं करा. स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी हवी. त्याहून जास्त भरला तर दोऱ्याचा गुंता एकदम बाहेर उसळतो, फार कमी भरला तर फेक आखडते.

शेवटी ड्रॅग लावून द्या. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्श्यापेक्षा थोडा जास्त. 10 किलोच्या दोऱ्याला अडीच ते तीन किलो. बॅगा तोलायचा छोटा काटा दोऱ्याला अडकवून ओढला की आकडा समोर दिसतो. पुष्कळ जण वर्षानुवर्षं गरवतात आणि हा आकडा त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

रीलची दुरुस्ती दुकानात करावी की कंपनीकडे पाठवावी?

वॉरंटीतलं रील उघडू नका. बाकीची शक्य तितकी इथेच करा. गिऱ्हाईक बांधून ठेवणारी यापेक्षा मोठी गोष्ट या धंद्यात नाही.

‘जड फिरतंय, घरघर करतंय’ म्हणून आलेल्या रीलचं पोट फाडण्याआधी लाइन रोलर बघा, म्हणजे बेलच्या (दोरा स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाची ती छोटी फिरकी, जिच्यावरून दोरा वळतो. दोऱ्याचा तुकडा तिच्यावर टाकून दोन्ही टोकं मागेपुढे ओढा. फिरकी फिरत नसेल आणि दोरा नुसता घासत असेल तर निम्मा आजार सापडला. स्क्रू काढला की आत मिठाचा पांढरट पापुद्रा दिसतो, बेअरिंग खडबडीत लागतं, कधी फिरकीवर दोऱ्याने कोरलेली बारीक चीर असते. चीर नखाला लागली तर फिरकी बदला, नाहीतर नवा दोराही महिन्याभरात तंतू सोडेल. इथे पुष्कळदा 4×7×2.5 मिलिमीटरचं बेअरिंग असतं, मुख्य गिअरच्या बाजूंना बरेचदा 7×11×3 चं. हे दोन आकार आणि चार-पाच जातींच्या बेल स्प्रिंगा खणात ठेवल्या तर पुष्कळशी रीलं त्याच आठवड्यात परत जातात.

उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो, आणि सुटे भाग पांढऱ्या फडक्यावर काढले त्याच क्रमाने. मुख्य गिअरच्या बाजूला कागदाइतकी पातळ चकती असते. ती ग्रीसला चिकटून फडक्याबरोबर कचऱ्यात जाते आणि मग हँडल लटपटतं. ग्रीस गिअरच्या दातांना पातळ लावा. पोट भरून ग्रीस कोंबणं ही दुरुस्ती नव्हे.

हँडल मागे सुटत असेल तर एका दिशेने फिरणाऱ्या क्लच बेअरिंगमध्ये बहुधा ग्रीस शिरलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण सुकवा, पातळ तेलाचा एकच थेंब. ड्रॅग झटके देत असेल तर वॉशर काढून बघा. घरी ठेवताना नॉब घट्ट राहिला की फेल्टचे वॉशर चेपून पापड होतात.

खर्च रील उघडण्याआधी सांगा, जुना भाग पुडीत घालून परत द्या, आणि सोमवारी घेतलेलं रील शुक्रवारी द्या. रविवार चुकवणारी दुरुस्ती कितीही चांगली असली तरी माणसाच्या मनात अढी राहते. भाग मिळणार नसेल तर ‘बघतो, फोन करतो’ नको. नाही मिळत, असं सांगा.

रील धुवायचं कसं, हे गिऱ्हाईक विचारतं.

ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारायचा. बादलीत बुडवायचं नाही, नळाचा जोरदार झोत मारायचा नाही, त्याने मीठ आत ढकललं जातं. मग पुसून, ड्रॅग सैल सोडून सावलीत सुकवायचं. लाइन रोलरला तेलाचा थेंब. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो असलेलं ग्रीस धुऊन नेतो. एवढं एका चिठ्ठीवर छापून प्रत्येक रीलच्या खोक्यात टाका.

मोडलेली रॉड घेऊन आलेला माणूस ‘माल खराब होता’ म्हणतो. काय करायचं?

आधी मोडलेली जागा बघायची, मग बोलायचं. वरच्या फूटभरात मोडली असेल तर मासा पायाशी आलेला असताना रॉड उभी करून ओढलेली असते, किंवा स्विव्हल टोकाच्या कड्यात घुसेपर्यंत रील फिरवलेलं असतं. मुंबईत तिसरं कारण फार : कठड्यावरून गरवताना दोन किलोचा मासा रॉडनेच सरळ वर उचलणं. रॉड मासा दमवायला असते, उचलायला नाही. त्यासाठी दोरीने खाली सोडायची जाळी मिळते; ती विकत नसाल तर ठेवा.

जोडापाशी मोडली असेल तर जोड सैल होता. गरवता गरवता तासाभराने तो एकदा पिळून घट्ट करायचा असतो, आणि जोडाला मेणबत्तीचं मेण चोळलं की पकड टिकते. मोडलेली कड चेपलेली, तंतू चिरडलेले दिसले तर दोष दरवाजाचा, लोकलच्या गर्दीचा किंवा छताच्या पंख्याचा. पंख्याने खाल्लेली टोकं या शहरात माशांनी मोडलेल्यांपेक्षा बहुधा जास्तच असतील. पाहुण्यांना रॉड दाखवण्याचं काम बैठकीच्या खोलीत होतं ना!

कारण काहीही असो, टोकाचं कडं बदलून द्या. मोडलेलं टोक सपाट घासा, व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, त्या मापाचं कडं गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवा, बाकीच्या कड्यांशी सरळ रेषेत आणा. दहा मिनिटांचं काम. रॉड दोन-तीन इंच आखूड आणि किंचित ताठ होते, पण चालते. बाकीच्या कड्यांतून कान साफ करायच्या कापसाची काडी फिरवून घ्या. कापूस अडकला तिथे आतली रिंग तडकलेली, आणि दोरा रोज तिथेच कापला जातोय.

आमिष ठेवावं का? वास येतो, शेजारी ओरडतात.

गोठवलेली कोळंबी ठेवा, छोट्या पाकिटांत. एका सकाळी एका माणसाला पाव किलो पुरते. जिवंत कोळंबी दुकानात सांभाळणं कटकटीचं आहे. त्यापेक्षा जवळच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशींशी बोलून ठेवा आणि गिऱ्हाइकाला थेट तिकडे पाठवा. कमिशन मागू नका. जिवंत कोळंबी न्यायची पद्धत मात्र नीट सांगा : दहा लिटरच्या बादलीत खाडीचंच पाणी, तीस-चाळीसपेक्षा जास्त नग नाहीत, सेलवर चालणारा एअरेटर, आणि उन्हात बर्फाची बंद बाटली. नळाचं पाणी घातलं की क्षारता घसरते, वर क्लोरीन, आणि कोळंबी किनारा गाठण्याआधीच मरते. सुटा बर्फ टाकणंही तेच.

तलावावर जाणारे गांडूळ आणि पीठ मागतात. पिठाचं मिश्रण जो तो आपापलं करतो आणि गुपित ठेवतो. विचारू नये.

‘सध्या कुठे लागतंय?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं का?

द्यावं, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली नेमकी जागा कधीही नाही. ती एकदा फुटली की सांगणारा गेला, आणि तोच तुमचा सर्वांत जाणता माणूस असतो.

सांगता येण्यासारखं पुष्कळ आहे. भरतीचं गणित नवख्यांना ठाऊक नसतं : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता मुंबईत साधारण पूर्ण भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्री दोन्ही. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. छापील तक्त्यातल्या वेळा अपोलो बंदरच्या असतात. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओढ इतकी असते की 30 ग्रॅमचं शिसं तळाशी थांबत नाही, 90 चं लागतं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी कमी चढतं-उतरतं, हलकं वजन चालतं. तक्ता काउंटरवर लावा आणि त्याच्याशेजारी त्या आठवड्यात कोणत्या वजनाचं शिसं न्यावं ते खडूने लिहा. तेवढं वाचायलाही लोक येतात.

जिथे गरवू नये तेही सांगायला हवं. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, तिथे नाही. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे चौकशी करून रीतसर परवानगीनेच, आणि तिथे मगरी आहेत म्हणून पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. टेट्रापॉडवर शेवाळ असतं, पावसाळ्यात लाट मागून येते. उधाणाच्या दिवशी तिकडे निघालेल्या पोराला माल न विकता ‘आज नको’ म्हणणाऱ्याचं नाव त्याच्या घरीही निघतं.

नवख्याला पहिला संच कोणता द्यावा?

आधी विचारा : कुठे, कशाने, आणि जाणार कसा? लोकलने जाणारा असेल तर साडेआठ-नऊ फुटी, तीन तुकड्यांची स्पिनिंग रॉड. बंद केली की तीन फुटांच्या आसपास येते. दुर्बिणीसारखी आत सरकणारी रॉड न्यायला सोपी, पण वाळूचा कण सांध्यात गेला की अडकते आणि कडी वळतात. रील 4000 च्या आकाराचं. दोरा सुरुवातीला साधा 0.35 चा तंगूस. ब्रेडेड त्याला गुंता सोडवता यायला लागल्यावर. सोबत लांब नाकाची पक्कड द्याच. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे विषारी असतात, हाताने गरी काढायची नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

एक गाठ काउंटरवर शिकवा. पालोमर पुरे. आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तापून तिथेच कमजोर होतो.

आणि महागडं रील मागितलं तरी पहिल्या दिवशी देऊ नका. सहा महिन्यांनी तो स्वतःच घ्यायला येतो.

नकली माल ओळखायचा कसा?

नकली दोऱ्याची जाडी स्पूलवर लिहिल्यापेक्षा जास्त असते. बेताची जाडी आणि अचाट ताकद छापलेला ब्रेडेड हा पहिला संशयित, पी.ई. 1 म्हणजे 0.165 मिलिमीटर, त्यावर 60 पौंड लिहिलं असेल तर ठेवून द्या. पायावर (रॉडला बसतो त्या भागावर) अनुक्रमांक नसलेलं किंवा तो खोक्याशी न जुळणारं रील, वाकडी अक्षरं, जोर लावताच उघडणाऱ्या गऱ्या. स्वस्त आणि बिननावाचा माल विकायला हरकत नाही, पण तो तसाच सांगून विका.

सूट, उधारी?

सूट सगळ्यांना सारखी, किंवा कुणालाच नाही. एकाला दहा टक्के दिल्याचं दुसऱ्याला वरळीच्या कठड्यावर अर्ध्या तासात कळतं. उधारी वहीत लिहून, लहान रकमेची.

पावसाळ्यात दुकान चालतं कसं?

यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. गळाने किनाऱ्यावर गरवणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ, त्यामुळे गर्दी आपोआप ओसरते. हेच दोन महिने रीलं खोलायचे. मे अखेरीस नेहमीच्या गिऱ्हाइकांना निरोप द्या, रीलं मागवून घ्या, नारळी पौर्णिमेआधी परत करा. खाडीच्या तोंडाशी पावसाच्या गोड्या पाण्याबरोबर जिताड्याच्या मागे जाणारे या दिवसांतही येतात. त्यांचा 40 पौंडी लीडर संपू देऊ नका. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, पातळ लीडर तिथेच कापला जातो.

जुना दोरा काढल्यावर त्याचं काय करायचं?

समुद्रावर किंवा गटारात जाऊ देऊ नका. बगळे आणि घारी त्यात गुरफटतात. काउंटरखाली झाकणाचा डबा ठेवा, आत टाकताना कात्रीने वीतभर तुकडे करा, आणि गिऱ्हाइकांनाही घरचा गुंता आणून टाकायला सांगा.